उसना अंधार

काकतीला मामांच्या घरी गेलं की सोप्यात चपला काढायच्या, मामीनं दिलेलं पाणी प्यायचं आणि आधी मागच्या खोलीत जाऊन ईझलवर काय आहे ते बघायचं, ही माझी लहानपणापासूनची रीत. मामांनी उभं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवली. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी मुलांना लोअर-हायर ड्रॉइंगच्या परीक्षांना बसवलं आणि निवृत्त झाल्यावर तैलरंग हाती घेतले. मी पुण्यात पुस्तकांसाठी चित्रं काढते, बहुतेक सगळी टॅबलेटच्या पडद्यावर. यंदा आषाढात चार दिवस राहायला गेले, तेव्हा ईझलवर रेम्ब्रां होता.

ते त्याचं १६२८च्या सुमाराचं आत्मचित्र. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता आणि आपल्या जन्मगावी, लायडनला राहत होता. मूळ चित्र लाकडी फळीवर आहे, २२.६ बाय १८.७ सेंटीमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढं. डावीकडून आलेला उजेड गालावर, कानाच्या पाळीवर आणि मानेवर पडतो. डोळे मात्र सावलीत आहेत. आत्मचित्र काढायला बसलेल्या तरुणानं स्वतःचे डोळेच अंधारात ठेवावेत, हे धाडस आजही अंगावर येतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं या चित्राची मोठी प्रतिमा सर्वांसाठी खुली ठेवली आहे. मामांनी ती उतरवून घेतली, बेळगावात चांगल्या कागदावर छापून आणली आणि ईझलच्या शेजारी टाचली. कॅनव्हासवर त्यांनी चित्र मूळच्या दुप्पट आकारात घेतलं होतं.

बाहेर पाऊस धरून होता. तीन दिवस आमचं दोघांचं बोलणं चाललं. त्यात माझं म्हणणं एक होतं, मामांचं दुसरं. ते झालं तसंच इथं मांडते.

मी: मामा, हात सुरेख चाललाय. पण मनात आलं ते विचारते. हा माणूस हॉलंडचा, चारशे वर्षांपूर्वीचा. त्याची खिडकी वेगळी, तिथला उजेड वेगळा. तुम्ही काकतीच्या घरात बसून त्याचा चेहरा का रंगवताय?

मामा: शिकायला, बाळ. दुसरं काय? चाळीस वर्षं पोरांना घडा, वांगी आणि कागदाची होडी काढायला शिकवलं. माझं शिकायचं राहूनच गेलं की गे.

मी: शिकायचंच तर समोर माणूस बसवून शिका. नक्कल करून हाताला वळण लागतं, पण ते दुसऱ्याचं.

मामा: सुळेभावी इथनं किती लांब? बेळगाव ओलांडलं की आलंच. १९२४ साली तिथं एक पोर जन्मलं. लहानपणी तबकड्या ऐकायचं आणि मोठमोठ्या गवयांचं गाणं, तान-मुरकीसकट, जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. ऐकणारे तोंडात बोट घालायचे. पुढं मुंबईला देवधर मास्तरांकडं वर्षानुवर्षं शिकलं, आणि देवासला जाऊन राहिल्यावर जे गाऊ लागलं, त्याच्यासारखं आधी कुणी गायलं नव्हतं. कुमार गंधर्व. आता तू सांग, त्या तबकड्यांनी त्याचं वाटोळं केलं काय?

मी: नाही केलं. पण कुमारांच्या कानावर आवाज तरी खरा पडत होता. तबकडी घासलेली असेल, खरखरत असेल, पण गवयानं दम कुठं घेतला, स्वर कुठं लावला आणि कुठं नुसता दाखवून सोडून दिला, ते तिच्यात होतं. तुमच्यासमोर काय आहे? कागद. त्यावर रंगाचा डाग आहे, रंगाची जाडी नाही. मामा, इथं या, कानाच्या पाळीखाली बघा. ही बारीक काळी रेघ तुम्ही का ओढलीत?

मामा चष्मा कपाळावर सरकवून वाकले. आधी छापील कागद बघितला, मग कॅनव्हास.

मामा: तिथं आहे की ती. हे बघ.

मी: ती त्यानं ओढलेली नाही. त्यानं तिथं पांढरा रंग जाड थापलाय. त्या उंचवट्याची स्वतःची सावली पडली आणि ती फोटोत आली. तुम्ही त्याच्या रंगाची सावली रंगवलीत.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पॅलेट नाइफ उचलला, त्या जागचा रंग खरवडला, फडक्यानं पुसला, पांढऱ्यात किंचित पिवळा घालून जाड गोळा घेतला आणि एका फटक्यात पाळीवर ठेवला. ब्रश उचलल्यावर रंगाचं टोक तसंच उभं राहिलं. दाराकडचा उजेड त्यावर पडला आणि खाली आपोआप एक बारीक रेघ उमटली.

मामा: बघितलीस? ही रेघ आता माझी मीच पाडली. तुझं खरं आहे. पण तुझं खरं मला कळलं ते नक्कल करतानाच. नुसतं बघून हे माझ्या ध्यानात आलं नसतं.

मी: आणि मी बोट ठेवलं नसतं तर नक्कल करूनही आलं नसतं. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात रेम्ब्रांचं आणखी एक तरुणपणीचं आत्मचित्र आहे, गळ्याशी लोखंडी चिलखत असलेलं. तसंच दुसरं न्यूरेंबर्गला आहे. फार वर्षं हेगचं चित्र मूळ आणि न्यूरेंबर्गचं त्याची नक्कल असं समजत. अवरक्त किरणांनी तपासल्यावर हेगच्या चित्रात रंगाखाली काळजीपूर्वक केलेलं रेखाटन निघालं. रेम्ब्रां असं रेखाटून काढतच नसे. मग उलगडलं की मोकळ्या, खडबडीत हाताचं न्यूरेंबर्गचं चित्र त्याचं, आणि हेगचं गुळगुळीत, देखणं चित्र ही नक्कल. मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. मूळ चित्रकार चाचपडत जातो, कारण चित्र कुठं पोचणार हे त्याला ठाऊक नसतं. नक्कल करणाऱ्याला शेवट आधीच दिसतो, म्हणून तो आखून घेतो. तुमच्याही कॅनव्हासवर पेन्सिलीच्या चौकटी आहेत, मामा.

मामा: आहेत. लपवत नाही. पण नकलेला इतकं हलकं धरू नकोस. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब १८७२पासून आपली मुलं घेऊन अजिंठ्याला जायचे. पेस्तनजी बोमनजींसारखी माणसं त्या लेण्यांत बसली, आणि १८८५पर्यंत ते काम चाललं. भिंतीवरचं चित्र डोळ्यांत साठवायचं आणि कॅनव्हासवर उतरवायचं. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल साहेबानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रती १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सनी पाठवलेल्यांतल्याही कितीतरी १८८५च्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांच्या कष्टाची राख झाली. पण ज्यांनी त्या भिंतींसमोर उन्हाळे काढले, त्यांच्या हातात जे उतरलं ते कुठं जळलं? नक्कल कागदावर उरली नाही तरी चालतं, ती करणाऱ्यात उरते.

मी: अजिंठ्याचं मान्य. पण ती आपली भिंत होती. पेस्तनजी आपल्याच मातीतला हात शोधत होते. इथं तुम्ही परक्याचा शोधताय.

मामा: परक्याचा? मग ऐक. १६५६ ते १६६१च्या सुमारास, म्हणजे इकडं शिवाजी महाराज जावळी आणि प्रतापगड बघत होते त्या दिवसांत, हाच रेम्ब्रां ॲमस्टरडॅममध्ये मुघल चित्रं समोर ठेवून नकला करत होता. जहांगीर, शहाजहान, झाडाखाली बसलेले सूफी. पूर्वेकडनं आलेला महागाचा कागद घेऊन त्यानं ती रेखाटली. आज त्यातली तेवीसएक उरलीत. पन्नाशीला आलेला, उभ्या युरोपात नाव झालेला माणूस, दिवाळं वाजलेलं, देणेकरी दारात, आणि तो आपल्या दरबारातला फेटा कसा बांधतात ते बघत बसलाय. त्याला परकं वाटलं नाही. मग मला का वाटावं?

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ती रेखाटनं मी पुस्तकात बघितली होती. पण त्या वेळी त्यांच्याकडे एक नवल म्हणून बघितलं होतं, नम्रपणे शिकत बसलेला माणूस त्यात दिसला नव्हता.

मी: मामा, हे तुम्ही जिंकलात. तरी अर्धंच. त्यानं मुघल चित्रं काढली ती आपल्या हातानं. बोरू, तपकिरी शाई, वर पातळ हात. मुघल चित्रातला सोन्याचा वर्ख नाही, पोपटी पार्श्वभूमी नाही. मूळ चित्रात नसलेली हवा आणि सावली मात्र त्याच्याकडून आली. त्यानं फेटा घेतला, बैठक घेतली, उजेड आपला ठेवला. तुम्ही त्याच्याकडून नेमका उजेडच घ्यायला निघालाय.

मामा: उजेड नव्हे गे. अंधार घ्यायला.

हे बोलून मामा चहाला उठले. संध्याकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा आम्ही हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. काकती हे राणी चन्नम्माचं जन्मगाव, म्हणून परगावचे लोक आजही इथं थांबतात. पलीकडे डोंगर धुरकट दिसत होता आणि भाताच्या खाचरांत पाणी चमकत होतं. रस्ता खणला होता तिथं ओली लाल माती वर आली होती. मामांनी वाकून चिमूटभर उचलली आणि तळहातावर पसरली.

मामा: ही बघ. सगळा लोखंडाचा गंज. त्याच्या पॅलेटवर काय होतं? अशीच लाल माती, पिवळी माती, करडी माती, हाडाचा कोळसा आणि शिशाचा सफेदा. आपल्याकडं काव म्हणतात, पिवडी म्हणतात, काजळ म्हणतात. दारावर, तुळशीवृंदावनावर पिढ्यान्‌पिढ्या लावलेली काव तू ट्यूबमध्ये भरून घे, तिला लाइट रेड म्हण. आणि तेल कुठलं? जवसाचं. तुझी मामी त्याच जवसाची चटणी करते. आता परकं काय उरलं, सांग.

मी: सामान परकं नाही, हे पटलं. तुमचं कोडं सांगा. अंधार घ्यायचा म्हणजे काय?

मामा: शाळेत पोरं सावली काढायची म्हणजे काय करायची? शिसपेन्सिल घासायची. जिथं काळं दिसतं तिथं काळं करायचं. मीही तेच शिकवलं. या चित्राशी महिना काढला तेव्हा कळलं, सावली पातळ असते. त्यानं उजेड जाड लावलाय आणि सावली इतकी पातळ की खालच्या अस्तराचा रंग तिच्यातनं श्वास घेतो. मी आधी आयव्हरी ब्लॅकचा जाड थर दिला होता. महिना झाला तरी वाळेना. आषाढाची हवा, आणि काळा रंग मुळात उशिरा वाळणारा. जवसाचं तेल कपड्यासारखं सुकत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यानं ते लवकर धरतं. म्हणून काळा पुसला आणि अंबर पातळ करून लावला. तेव्हा कुठं त्या सावलीला खोली आली. माझ्या सावलीत एवढे दिवस हवाच नव्हती.

मी: मग तुमचं चित्र इतकं तपकिरी का? छापील प्रतीपेक्षाही तुमचं जास्त तपकिरी झालंय.

मामा: जुनी चित्रं तशीच असतात की.

मी: नसतात. दिसतात. त्याचंच ‘नाइट वॉच’ घ्या, १६४२चं. लोक त्याला रात्रीचा पहारा म्हणू लागले, कारण वर्षानुवर्षांच्या वार्निशनं आणि धुरळ्यानं ते काळवंडलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वार्निश उतरवलं तेव्हा दिवसाचा उजेड बाहेर आला. त्यानं रात्र काढलीच नव्हती. आपण पुस्तकांत आणि कॅलेंडरांत जुन्या चित्रांचा जो खमंग तपकिरी रंग बघत मोठे झालो, तो कितीदा मळच असतो. तुम्ही गुरूच्या हाताबरोबर गुरूच्या चित्रावरचा धुरळाही घेताय.

मामा चालता चालता थांबले.

मामा: खरं सांगू? तो तपकिरी रंग आला की चित्र भारी वाटतं. म्हणून मी तो जरा जास्तच घातला. उद्या काढतो.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठून कामाला लागले होते. मी गेले तेव्हा मानेवरचा आणि गालावरचा रंग स्वच्छ झाला होता. त्यात थोडा थंड करडा आला होता आणि चेहरा खरंच बावीस वर्षांचा दिसत होता.

मी: मामा, आता माझं म्हणणं नीट मांडते. नाट्यमय उजेड हवाच असेल तर तो आपल्या माणसांनी आपल्या जागी शोधला आहे. आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. तिथले चित्रकार हळदणकर. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीला, गीताला, हातात दिवा देऊन उभं केलं. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते चित्र आहे आणि आजही कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. ज्योतीवर धरलेला तिचा तळहात उजेडानं लालसर झालाय, बोटांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात, चेहऱ्यावर खालून उजेड आणि मागं तिची सावली. आणि हे सगळं जलरंगात. ना जाड पांढरा, ना जवसाचं तेल. पांढरं म्हणून कोरा कागद राखायचा, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही. त्यांना रेम्ब्रांची नक्कल करावी लागली नाही. घरातली मुलगी आणि घरातला दिवा पुरला.

मामा: पुरला, पण कुणाला? जे. जे.त विद्यार्थी म्हणून घासलेल्या, मुंबईत १९०८पासून स्वतःची कलासंस्था चालवणाऱ्या हाताला. साठी ओलांडल्यावरचं चित्र आहे ते. त्या दिव्यामागं चाळीस वर्षांचं तेल आहे, बाळ. तू फक्त ज्योत बघायलीस.

मी: आणि त्रिंदाद? चोर्ला घाट उतरून पणजीला गेलं की फोंतेन्हासमध्ये फुंदासाव ओरिएंत या संस्थेकडे त्यांची चित्रं आहेत. आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद, १८७० ते १९३५. लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणत. मला ती पदवी कधीच आवडली नाही. १९२०ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालेलं त्यांचं चित्र त्यांच्या पत्नीचं आहे. घरातली निवांत बाई, घरातला उजेड. ते रेम्ब्रां होऊ बघत नव्हते. त्या पदवीनं त्यांचं स्वतःचं नाव झाकून टाकलं.

मामा: पदवी लोकांनी दिली, त्यांनी मागितली नव्हती. पण तू एक कर. एकदा मला घेऊन चल तिकडं. छापील कागदावर काय नाही ते तूच दाखवलंस. घाट उतरलं की खरा तैलरंग, खऱ्या जाडीचा, आपल्या माणसाच्या हातचा बघायला मिळतो आणि मी इथं ॲमस्टरडॅमचा कागद टाचून बसलोय, हे मलाही पटत नाही. बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर होतं. रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. गुरू समोर उभा असला म्हणजे तो कुठला रंग कशात मिसळतो, कुठं हात थांबवतो ते दिसतं. ज्यांना तसा गुरू मिळाला ते नशीबवान. मला नाही मिळाला. मग मी मेलेल्या गुरूकडं गेलो. त्यात माझं काय चुकलं?

ते शेवटचं वाक्य त्यांनी साधेपणानं म्हटलं, आणि माझा आवाज खाली आला. नक्कल ही ज्याला पर्याय आहे त्याच्यासाठी निवड असते, आणि ज्याला पर्याय नव्हता त्याच्यासाठी शाळा. खेड्यातल्या शाळेत एकट्यानं चित्रकला शिकवत आयुष्य काढलेल्या माणसाला हे मी ऐकवत होते, आणि माझ्या मागं कॉलेजची पाच वर्षं होती.

दुपारी जेवणं झाल्यावर मामी माजघरात तांदूळ निवडायला बसली. घर जुनं, कौलारू. माजघराला खिडकी नाही. वर एक काचेचं कौल आहे, तेवढाच उजेड. ढगाळ दुपार होती, तरी त्या एका कौलातून खाली आलेला उजेड तिच्या भांगावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि सुपातल्या तांदळांवर पडला होता. डोळे सावलीत होते. सुपातल्या पांढऱ्या दाण्यांवरून परतलेला उजेड तिच्या हनुवटीखाली अगदी हलका लागला होता. मी मामांना खुणेनं बोलावलं.

मी: हे बघा. हे कुणाकडून उसनं आणायला नको.

मामा: मग काढ की. मी कुठं नाही म्हणालो?

मी फोननं फोटो घेतला आणि टॅबलेट उघडून बसले. तासाभरानं मामांना दाखवलं. मामी हुबेहूब आली होती. त्यांनी चित्र बघितलं, माजघराकडे बघितलं, पुन्हा चित्र बघितलं.

मामा: मामी आहे. माजघर नाही.

मी: म्हणजे?

मामा: तिच्या मागं तुला फडताळ दिसतंय, डबे दिसतायत, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय. मला इथनं काहीच दिसत नाही. तू हे बघितलंस कधी?

त्यांचं बरोबर होतं. मी माजघर बघितलंच नव्हतं, फोन बघितला होता. हल्लीचा फोन एका फोटोसाठी एकामागोमाग अनेक प्रतिमा घेतो, त्या जुळवतो आणि सावल्या उजळून देतो. त्यानं आपल्या मनानं फडताळ उजळलं होतं आणि मी निमूटपणे त्याची नक्कल केली होती. दोन दिवस मी ज्या गोष्टीवरून मामांना बोलत होते, तीच मी केली होती. त्यांच्या नकलेतल्या गुरूनं निदान चारशे वर्षांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी अंधार बघितला होता. माझ्या गुरूला अंधार नकोच होता.

मी: मामा, फोटो नको. मी कॅनव्हासवर करते. तुम्ही सांगा.

मामा: आधी डोळे बारीक कर. बारीक केल्यावर जे दिसत नाही ते काढायचं नाही. एवढंच तो शिकवतो. महिनाभर त्याच्याशेजारी बसलो त्याची ही सगळी कमाई.

तिसऱ्या दिवशी मामी पुन्हा त्याच जागी बसली. आम्ही एकाच कॅनव्हासवर आळीपाळीनं काम केलं. आदल्या रात्री मामांनी त्यावर पिवडीच्या रंगाचा पातळ हात देऊन ठेवला होता. चौकट आखली नाही, पेन्सिल लावली नाही. अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मी मागचा अंधार फडक्यानं पुसत पुसत बसवला. भांग कुठं, कपाळ कुठं, हे चाचपडत गेलं. दोनदा नाक सरकलं. डोळ्यांच्या जागी मी सवयीनं बुबुळं काढायला गेले, तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं.

मामा: दिसतायत काय?

मी: नाही.

मामा: मग राहू दे. तिला ओळखतो तो बघून घेईल.

मी: आणि हा सुपातून वर आलेला उजेड? तो रेम्ब्रांमध्ये नाही.

मामा: नाही. तो तांदळाचा आहे. तो तू तुझ्या डोळ्यानं घे, मला त्यातलं कळत नाही.

हनुवटीखालचा तो उजेड मला चार वेळा करावा लागला. पांढरा घातला की चुना लागल्यासारखा दिसायचा. शेवटी सावलीच्याच रंगात थोडी पिवडी आणि नावाला पांढरा घालून, ब्रश जवळजवळ कोरडा करून फिरवला, तेव्हा ती हनुवटी सावलीतच राहून उजळली.

मामी: झालं काय? तांदूळ केव्हाच निवडून झाले.

मामा: बस गे जरा. एकच राहिलं.

कानाजवळ तिची एक बट सुटली होती, पांढरी, कौलाखालच्या उजेडात तारेसारखी दिसणारी. मी बारीक ब्रश आणि पांढरा रंग घ्यायला वळले. मामांनी मला थांबवलं. त्यांनी आपला ब्रश उलटा धरला. बावीस वर्षांच्या रेम्ब्रांनं स्वतःचे कुरळे केस असेच काढले होते, ओला गडद रंग ब्रशाच्या मागच्या टोकानं खरवडून, खालचं अस्तर उघडं करून. मामांनी ओल्या अंबरमधून एक सैल वळण ओढलं. खालची पिवडी उघडी पडली. मामीची बट आली.

मामी उठून बघायला आली. बराच वेळ बघत राहिली.

मामी: डोळे काढलेच नाहीत तुम्ही. तरी मी खाली बघायलेय ते कळतंय.

निघताना मी मामांना विचारलं, ती नक्कल पुरी करणार ना. त्यांनी होय म्हटलं. रोज सकाळी तास-दोन तास तिच्यावर, आणि दुपारी माजघरात. मला आता यावर वाद घालायचा नव्हता. मी काकतीला आले तेव्हा मला वाटत होतं की माणसानं एक तर गुरूचं बघून काढावं, नाही तर समोरचं बघून. मामांनी महिनाभर परक्या चेहऱ्याजवळ काढला नसता, तर ब्रश उलटा धरायचं त्यांना सुचलं नसतं. आणि काचेच्या कौलाखाली मामी बसली नसती, तर त्या युक्तीला बसायला जागा मिळाली नसती. नकलेचा कस तेव्हा लागतो, जेव्हा ती आपल्या माणसाच्या केसाला उपयोगी पडते.

मामीचं चित्र अजून ओलं आहे. तैलरंग वरून धरला तरी आतून वाळायला महिने घेतो. मामांनी ते माजघराच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. वार्निशचा हात घाईनं द्यायचा नाही असं ठरलं आहे. पुढच्या पाडव्याला मी जाईन, आधी दोघं चोर्ला घाट उतरून त्रिंदादांची चित्रं बघून येऊ, आणि मग त्या कौलाखाली बसून ठरवू की हनुवटीखालचा तांदळाचा उजेड तसाच ठेवायचा की पाचव्यांदा करायचा.